दुखणाईत पिकअप

धडधाकट वस्तू विकत घेण्यात माणसाची काही करामत नसते, ती कुणीही घेईल, असं माझ्या आत्याचं ठाम मत आहे. आणि या मताला जागून आयुष्यभर मोडकं, लंगडं आणि दुखणाईत तेवढंच निवडून घरी आणणारी दुसरी बाई अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडली, तर मी तिच्या पाया पडायला तयार आहे. आठवडी बाजारात आत्या दिसली की मेंढरांचे व्यापारी चांगली जनावरं मागे सारतात आणि एखादी लंगडी, मुरडलेल्या शिंगाची मेंढी पुढे काढतात. तिने कंदील आणला तो काचेशिवाय, छत्री आणली ती काडी मोडलेली, आणि रेडिओ असा आणला, की डोक्यात थापड बसल्याखेरीज तो बोलायचा नाही. माझे वडील, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, वैतागून म्हणायचे, "अक्का, जन्मात एकच वस्तू धड मिळाली तुला, ती पण आबांनी बघून दिली म्हणून!" आबा म्हणजे माझे आजोबा, आणि ती वस्तू म्हणजे आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. यावर आत्या मामांना खालून वरपर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, "बघू की अजून. कुटं काय निगंल, कुणाला ठावं!"

तिचा आवाज माळावरचा आहे. पलीकडच्या टेकाडावरच्या मेंढराला हाक मारून मारून तो असा मोकळा झालाय, की फोन हे यंत्र तिच्यासाठी का काढलं असावं, याचं मला नवल वाटतं. ती मंगळवेढ्याच्या अलीकडच्या आपल्या गावात बसून मला फोन करते, आणि सोलापुरात माझ्या ऑफिसातले सगळे कामं थांबवून ऐकतात. कुठली मेंढी व्याली, कुठल्या कोकराला हगवण लागली, हे माझ्या साहेबांना माझ्याआधी कळतं. मधे ते चिंतेने म्हणाले, "ती काळ्या कानाची बरी झाली का हो?" सोलापुरात आली की आत्या सिग्नलबिग्नल मानत नाही. रस्त्याच्या मधोमध उभी राहते, हात वर करते आणि "हो… हो… हो…" असा एक आवाज काढते. मेंढरं थांबतात तशा रिक्षा थांबतात. एकदा एसटी थांबलेली मी स्वतः पाहिली आहे. मला अशा वेळी आधी लाज वाटायची. आता वाटत नाही; आता मी तिच्या मागून रुबाबात रस्ता ओलांडतो.

पण या बाईचा खरा पराक्रम सांगायचा, तर आधी त्यांच्या घरची रीत सांगायला हवी. पावसाळाभर मेंढरं गावच्या माळावर असतात. दिवाळी झाली की कळप पश्चिमेकडे निघतो, बागायतदारांच्या रानांत बसतो, लेंडीखत देतो, त्याबदल्यात धान्य घेतो आणि उन्हाळा संपता संपता परत येतो. वाटेत मामा सगळ्यांच्या पुढे, खांद्यावर आडवी काठी टाकलेले. त्यांच्या मागे मेंढरं. बाजूंनी दीर आणि जाऊ. आणि सगळ्यांच्या मागे, पार धुरळ्यात, घोडं घेऊन आत्या. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार: भांडी, घोंगडी, कोंबड्यांची पाटी आणि वाटेत जन्मलेली, अजून पायावर नीट उभी न राहणारी कोकरं. मेंढरं मामांची, घोडं आत्याचं, अशी वाटणी लग्न झाल्यापासूनची.

गेल्या पावसाळ्यात घोडं म्हातारपणाने गेलं आणि त्याच सुमारास मामांचे गुडघेही गेले. डॉक्टरांनी लांबचं चालणं बंद करायला सांगितलं. मामा घरी आले, काठी खुंटीला टांगली आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. जेवताना दुसरी भाकरी घेईनासे झाले. माझा आतेभाऊ चिंचोळी एमआयडीसीत कारखान्यात आहे, पोरगा गुणाचा; त्याने साहजिकच ठरवलं की मेंढरं विकायची आणि दोघांना सोलापुरात आपल्या फ्लॅटवर न्यायचं. दसऱ्याला कळप बघायला या, असा व्यापाऱ्याला निरोपही धाडला. त्याचं काही चुकत नव्हतं. पण मेंढरं गेली आणि मामा तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्चीवर बसले, की त्यांचं काय होणार हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि म्हणूनच त्यावर कुणी बोलत नव्हतं.

बोलली ती आत्या. ऑफिसातल्या सगळ्यांनी एकदमच ऐकलं: "आरं, मला पिकप घ्यायचीया! घोड्याच्या जागी!"

तिचा हिशेब सरळ होता. पिकअप घ्यायची, संसार आणि कोकरं मागे टाकायची, मामांना पुढे बसवायचं आणि दिवाळीनंतर निघायचं. चालवणार कोण, असं मी विचारलं तर ती चिडली. "घोडं कुणाकडं हुतं? माज्याकडं. मग गाडी कुणाकडं ऱ्हाणार?" शिवाय नंतर कळलं, की मामांनी काठी खुंटीला टांगली त्याच आठवड्यात ती मंगळवेढ्याच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन बसली होती. तिथल्या शिकवणाऱ्याचे हाल मी त्याच्याच तोंडून ऐकले आहेत. आत्या स्टिअरिंग लगामासारखं मागे ओढायची, आणि समोर काही आडवं आलं की ब्रेकवर पाय न देता "हो… हो…" म्हणायची. तो म्हणाला, "साहेब, खोटं वाटंल तुमाला, पर पयल्या दिवशी समोरची म्हसच थांबली!"

अडचण एकच होती आणि ती मोठी होती. मामा गाडीत बसायला तयार नव्हते. "मानसानं मेंढरामागं चालायचं असतंय," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "गाडीत बसून मेंढरं राखाया मी काय कलेक्टर हाय व्हय?" आत्याने पुन्हा विचारलं नाही. ती मला म्हणाली, "तू गाडी दावायचं बघ."

मी कामाला लागलो. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांची पिकअप सात रस्त्याजवळ उभी होती. जुनी खरी, पण अशी सांभाळलेली, की सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. एका चावीत सुरू झाली. आतेभाऊही रजा टाकून आला होता आणि मेंढरं विकायची म्हणणारा तोसुद्धा क्षणभर म्हणाला, "आई, घ्यायचीच असली तर हीच घे." आत्या गाडीभोवती फिरली. खाली वाकून बघितलं. दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग उदास होऊन म्हणाली, "हिला काय बी झालेलं न्हाय की रं."

"तेच तर!" आम्ही दोघे ओरडलो.

"मग काय करायची घिऊन?" असं म्हणून ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि हात वर करून रिक्षा थांबवू लागली. आतेभावाने कपाळाला हात लावला. तिची जन्माची खोड आहे, हिच्या हातून दसऱ्याच्या आत काही होत नाही, असं म्हणून तो ड्युटीवर गेला.

मग सापडली चाचांची पिकअप. चाचा म्हणजे शहरातले जुने वाहतूकवाले. यंत्रमागावरच्या चादरी आणि टॉवेल त्यांनी त्या गाडीतून वर्षानुवर्षं बाजारपेठांना पोचवले होते. गाडी त्यांच्या घरामागे लिंबाखाली उभी होती आणि तिच्या टपावर कोंबडी बसली होती. मी कुंभारीहून एक मिस्त्री पारख करायला आणला. तो गाडीखाली शिरला आणि तिथूनच एकेक दुखणं सांगू लागला. "क्लच गेलाय!" आत्याचा चेहरा जरा उजळला. "रेडिएटर गळतोय!" ती पुढे सरकली. "मागचा पाटा मोडलाय, वायरिंग उंदरानं खाल्लंय, सेल्फ धरत न्हाय!" तोपर्यंत तिच्या तोंडावर असं तेज आलं होतं, की मुलाचा दहावीचा निकाल ऐकतानाही ते मी पाहिलं नव्हतं. मिस्त्री बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "मावशी, इंजिन तेवढं खणखणीत हाय. बाकी हात लावाल तितं दुकनं हाय. घिऊ नका."

चाचाही सरळ माणूस. तेच म्हणाले, "बाई, मी खोटं नै बोलत. गाडीत दम हाय, पर नखरा बी लई हाय. इतक्या अच्छ्या गाड्या सोडून ही कायकू घेता?"

आत्या म्हणाली, "दोन येळची धार काढल्याबगर मी म्हस घेत न्हाय. सांजच्याला परत येती." दुभतं जनावर घेताना सकाळ-संध्याकाळ दूध काढून बघायचं, ही तिकडची पद्धत. सकाळी चाचांनी गाडी धक्का मारून सुरू करून दाखवली होती. संध्याकाळी मी तिला स्कूटरवर मागे बसवून पुन्हा नेलं. गल्लीतल्या सगळ्यांनी मिळून धक्का मारला, गाडी हूं की चूं करेना. चाचांचा चेहरा पडला. आत्या समाधानाने म्हणाली, "सांजच्याला आटती. घेतली!"

मला राग आला, हे सांगितलं पाहिजे. दसरा तोंडावर आलेला, मामा भिंतीकडे तोंड करून बसलेले, आणि ही बाई त्या खेळखंडोब्यात आपली जन्माची हौस भागवून घेते आहे, असं मला मनापासून वाटलं. स्कूटरवर परत येताना मी रागाने नुसता हॉर्न वाजवत होतो. तिला त्याचं काही नव्हतं. ती मागून "हो… हो…" करत गर्दी बाजूला सारत होती.

व्यवहार झाला आणि गाडी न्यायच्या दिवशी आत्या कोरं दावं घेऊन आली. जनावर विकणारा आपलं दावं कधी देत नाही, ते त्याच्या दावणीला ठेवून घेतो, म्हणजे त्याच्या घरची बरकत जात नाही. आणि घेणाऱ्याने स्वतःचं नवं दावं आणायचं असतं. आत्याने ते दावं पिकअपच्या पुढच्या बंपरला बांधलं, हळदकुंकू लावलं आणि गाडीभोवती फिरून बघितलं, तर मागे एक जुनी सुताची दोरी गुंडाळलेली. तिने ती सोडली आणि चाचांच्या हातात दिली. "तुमचं दावं तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, भाऊ." मला वाटलं चाचा हसतील. पण त्यांनी दोरी दोन्ही हातांनी घेतली, गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "हौ. आमचे अब्बा बी बकरी विकले की रस्सी देत नव्हते." आणि ते पटकन घरात निघून गेले.

प्रसंग हृद्य होता यात वादच नाही. फक्त त्या दोरीवर गाडीचा मागचा फाळका बांधलेला होता, हे भावनेच्या भरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मिस्त्री चालवत होता, आत्या त्याच्या शेजारी, आणि मी मागे पेंडीच्या पोत्यावर. सीनेचा पूल ओलांडून एका खड्ड्यात गाडी आदळली आणि मागचा फाळका धाडदिशी खाली पडून डांबरावर ठिणग्या उडवत फरफटू लागला. पोतं निघालं, पोत्यासकट मी निघालो. मी कडेचा गज धरून बोंब मारली, पण आमच्या घराण्यात आवाज फक्त आत्याला मिळालेला. शेवटी मागून येणाऱ्या दुधाच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा कुठे ही मंडळी थांबली. आत्या खाली उतरली, फाळक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुढचं नवं दावं सोडून मागे बांधलं आणि म्हणाली, "लागलं न्हाय न्हवं? पोतं फुटलं असतं तर?"

गावात पोचताच गाडी जी बंद पडली ती पडलीच. आत्याने ती मुद्दाम ओसरीसमोर, मेंढरांच्या वाड्याच्या कडेला उभी करवली, बॉनेट उघडं ठेवलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. मामांना एका शब्दाने काही सांगितलं नाही. मामा भिंतीकडेच बघत होते. जरा वेळाने त्यांनी मान थोडी वळवली. मग आणखी थोडी. रेडिएटरमधलं पाणी थेंब थेंब गळत होतं, तो आवाज त्यांना बसू देईना. शेवटी ते भिंतीला धरून उठले, लंगडत गाडीपाशी गेले आणि बॉनेटखाली हात घालून म्हणाले, "ताप हाय की गं हिला."

"असंल," आत्या भाकरी थापत म्हणाली. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मामा भिंतीपाशी दिसले नाहीत. मिस्त्री गाडीखाली, मामा शेजारी उलट्या घमेल्यावर. पाने त्यांनी द्यायचे, मिस्त्रीला चहा त्यांनी सांगायचा, आणि तो जोरात हातोडा मारू लागला की, "हळू की रं, दुखावलेली हाय," म्हणून त्यालाच रागवायचं. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दुसरी भाकरी मागून घेतली. मी सुट्टी टाकून तिथेच राहिलो होतो. मी आत्याकडे बघितलं. ती परातीकडे बघत होती.

"आत्या, खरं सांग," मी हळूच म्हणालो. "ती सात रस्त्याची गाडी का नाही घेतलीस?"

तिने आयुष्यात पहिल्यांदा आवाज खाली आणला. "ती घिऊन काय केलं असतं रं? तुजं मामा तिच्याकडं फिरकलं तरी असतं का? बस म्हनलं की बसनारा मानूस न्हाय हा. कुणी दुखन्यात असलं तरच त्याच्यापाशी बसतंय." तव्यावरची भाकरी तिने उलटली. "लगीन झालं तवा ह्यांचा पाय घरात ठरायचा न्हाय. एकदा लंगडी मेंढी आनली, तर आठ दिस दारात बसून हुतं. मग मला गुपित कळलं. रेडिओ धड असता तर ऐकून गेलं असतं रानात. मोडका हुता म्हून उशाला घिऊन बसायचं."

एवढी वर्षं आम्ही सगळे तिला हसत आलो होतो. तो कंदील, ती छत्री, ती मुरडलेल्या शिंगाची मेंढी, सगळी माझ्या डोळ्यांपुढून गेली.

दसऱ्याला व्यापारी आला. आतेभाऊही आला होता. मामा गाडीच्या टपाला झेंडूची माळ बांधत होते. ते व्यापाऱ्याला म्हणाले, "पावनं, चहा घ्या. पर मेंढरांचं आता बोलता येत न्हाय. घरात आजारी हाय." व्यापाऱ्याने चहा घेतला, गाडीची चौकशी केली आणि गेला. आतेभाऊ आईकडे बघत बसला. मग तोही उठला आणि माळेचं दुसरं टोक धरायला गेला.

दिवाळी झाली, निघायचा दिवस आला. आत्याने लायसन कंबरेच्या पिशवीत घातलं आणि ती स्टिअरिंगपुढे चढून बसली. सारं गाव जमलं होतं. मामांनी खुंटीवरची काठी काढली. वाटलं, आता हे चालत निघतात. पण ते गाडीला वळसा घालून आले, दार उघडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला काय बसायची हौस न्हाय. पर हिला एकटीला कशी सोडायची? मधीच बसली म्हंजी?" आणि काठी दोन गुडघ्यांत धरून आत बसले. मागून कोकरं ओरडत होती. आत्याने हॉर्नवर हात ठेवला. हॉर्न दुरुस्त व्हायचा राहिला होता. मग तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि आपली माळावरची हाक दिली. अख्खा कळप तिच्या गाडीमागे चालू लागला. गर्दीतल्या कुणा परगावच्या पाहुण्याने विचारलं, "कोण हो ती बाई?" "माझी आत्या!" मी एवढ्या मोठ्याने सांगितलं, की त्या दिवशी मला आमच्या घराण्याच्या आवाजाचा थोडा तरी वाटा मिळाला असावा.

थंडीत मी त्यांना भेटायला गेलो, फलटणच्या बाजूला. कळप मागे होता, गाडी पुढे येऊन एका बांधाशी थांबली होती. मामा खाली उतरून चाकापाशी बसले होते आणि एका हाताने टायर चाचपत होते. आत्या अजून आपल्या जागेवरच होती. मी खिडकीपाशी जाऊन हाक मारणार, तोच तिने बोट ओठांवर ठेवलं. ही बाई कुणाला गप्प राहायला सांगेल, हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. मी कान दिला. मामा स्वतःशीच, अगदी बारीक आवाजात, ओवी म्हणत होते.

"इंजिन बंद केलं की सुरू हुतंय," आत्या कुजबुजली. "दिराला इचारलं, तर म्हनला, वैनी, चालताना कायम म्हनत असतंय की. पयल्यापासनं." ती समोर बघत राहिली. मागून कळपाच्या घंटा ऐकू येऊ लागल्या होत्या. "सगळा जलम म्होरं गात चाललं हुतं रं. मी मागं, घोड्यापाशी. मला कधी ऐकूच आलं न्हाय."

कळप जवळ आला तरी तिने गाडी सुरू केली नाही.